चौदा न सापडलेली पुस्तकं

माझे बाबा कॉलेजच्या लायब्ररीत शिपाई आहेत, पण मुलं त्यांना नकाशाकाका म्हणतात. चिठ्ठीवर पुस्तकाचं नाव लिहून द्यायचं, की बाबा मागच्या कपाटांमध्ये शिरणार आणि तुमची जांभई पूर्ण व्हायच्या आत पुस्तक तुमच्या हातात. बावीस वर्षं हे असंच चाललंय.

म्हणून या महिन्यात जे झालं ते आम्हाला पचेना. बाबांना पुस्तकं सापडेनाशी झाली. एक नाही, दोन नाही, चौदा. प्रत्येक चिठ्ठीवर त्यांनी 'सापडले नाही' लिहून इमानदारीत सही केली, आणि त्या सह्याच अंगाशी आल्या. इतिहासाच्या मोठ्या सरांनी तक्रार केली. नोटीस आली: पुस्तकं हलगर्जीपणामुळे गहाळ, सोमवारपर्यंत हजर करा, नाहीतर गेटवर बदली.

बाबा भांडले असते तर बरं झालं असतं. ते चष्म्याचा नंबर तपासून आले. आईला म्हणाले, माझंच डोकं चालेनासं झालंय बहुतेक. चुकून पिशवीतून आली असतील म्हणून घरातली कपाटंसुद्धा उपसली त्यांनी.

शनिवारी शाळा सुटल्यावर मी दप्तरासकट तडक लायब्ररीत गेले आणि ग्रंथपालबाईंकडे दाखल रजिस्टर मागितलं. आलेलं प्रत्येक पुस्तक त्यात लिहितात. आगाऊ आहेस, असं म्हणत का होईना, बाईंनी दिलं. चौदांपैकी एकही नाव त्यात नव्हतं. आणि इतके दिवस ही नावं कुणी त्यात शोधलीही नव्हती, कारण मुलं ज्या वाचनयादीतून ती उतरवून आणत ती मोठ्या सरांची होती आणि तिच्यावर छापलं होतं, 'सर्व पुस्तके ग्रंथालयात उपलब्ध'. सरांनी म्हटलंय म्हणजे असणारच, असं बाबाही म्हणत होते.

मग मी चिठ्ठ्या नीट वाचल्या. नववी होती 'नदीकाठच्या बाजारपेठा', आणि लेखक खुद्द मोठे सर. मी उडालेच. लेखकाकडे स्वतःचं पुस्तक नसेल असं कधी झालंय? बाबा "अगं थांब" म्हणेपर्यंत मी जिना चढलेही होते.

सर पेपर तपासत होते. मी एका दमात सांगून टाकलं की मी नकाशाकाकांची मुलगी, आणि निदान एक पुस्तक तरी हजर करता यावं म्हणून त्यांनी आपली प्रत उसनी द्यावी.

सरांनी चिठ्ठी वाचली. चष्मा कपाळावर नेला, खाली आणला, परत वाचली.

"हे मी लिहिलेलं नाही."

"पण सर, नाव तुमचंच आहे."

"नाव माझंच आहे गं. पुस्तक नाही."

सर मग जरा हळूच बोलायला लागले. नवा अभ्यासक्रम आला होता, वेळ नव्हता, एआयला सांगितलं, मिनिटात यादी आली, ती तशीच छापायला गेली. त्यांनी ती वाचली होती का, हे मी विचारलं नाही. चेहऱ्यावरच दिसत होतं. त्यांनी माझ्यासमोर संगणकावर पुस्तकाचं नाव टाकलं. उत्तर आलं की ग्रंथ महत्त्वाचा आहे, पानं दोनशे बारा, आणि दुसऱ्या प्रकरणाचा सारांशही खाली हजर. न लिहिलेल्या पुस्तकाचा सारांश सर शेवटपर्यंत वाचत बसले.

अचानक त्यांनी तपासलेल्या गठ्ठ्यातून एक पेपर ओढला. कुणीतरी लिहिलं होतं, 'सर आपल्या ग्रंथात पान ८७ वर म्हणतात...' आणि शेजारी लाल शाईत सरांच्याच अक्षरात: उत्तम संदर्भ.

तेवढ्यात बाबा धापा टाकत दारात आले आणि माझ्या वतीने माफी मागायला लागले. सरांनी त्यांना मध्येच थांबवून नोटीस मागितली, तिच्यावर लिहिलं, 'पुस्तके नव्हतीच. चूक माझी', सही केली आणि कागद परत दिला.

बाबांनी तो उभ्याउभ्या तीनदा वाचला. मग कुणी बस न म्हणताच सरांसमोरच्या खुर्चीत बसले.

"म्हणजे माझ्या हातून काही हरवलं नाही," ते म्हणाले. त्यांनी टेबलावरच्या पेपरांकडे पाहिलं. "मग सर, मुलांनी वाचलं काय?"

सरांनी लाल पेनाला टोपण लावलं. गठ्ठ्यात अजून साठ पेपर होते.