बंबाच्या पाइपावरचं पांढरं

शेळगावच्या आमच्या घराचं न्हाणीघर पाडायला घेतलं आणि गवंड्याची पहार बंबाच्या पाइपावरच्या पांढऱ्या वेष्टणावर बसली. ढलपे पडले, धुरळा उडाला. आमची पाच वर्षांची श्रेया त्या ढिगाशी बसून धुरळ्यात पाणी घालून खोटंखोटं पीठ मळायला लागली. बरी रमली, म्हणून मीही कामाला लागले.

संध्याकाळी माझा भाऊ विजयसिंह बारामतीहून आला. तो एका कंपनीत सेफ्टी ऑफिसर आहे. ढीग बघताच त्यानं श्रेयाला उचलून बाहेर नेलं. झाडू नका, पाण्यानं भिजवा, म्हणाला. हे ॲस्बेस्टॉस असू शकतं. नुसतं बघून कळत नाही, तुकडा पुण्याला तपासायला पाठवावा लागेल. त्याचे बारीक तंतू छातीत जाऊन बसतात आणि वीस-तीस वर्षांनी दुखणं वर येतं.

माझ्या तोंडची चवच गेली. पोर शिंकली तरी मी तिच्या छातीला कान लावायची. वीस वर्षांनी ती पंचवीसची होईल, हा हिशोब भाकरी थापतानाही डोक्यातून जाईना. सासूबाई, म्हणजे आमच्या ठमाआत्या, माझ्यावर करवादायच्या. सासरे कारखान्यात बॉयलरवर होते, तिथलं टाकून दिलेलं आणून त्यांनीच तो पाइप गुंडाळला होता, मग त्यांना कुठं काय झालं? सासरे साप चावून गेले, त्यामुळं यावर बोलायची सोय नव्हती. माझा नवरा सौरभ तर घाबरला की घर टाळतो. तो दिवसभर उसातच राहायला लागला.

शेवटी विजयसिंहचा फोन आला. तुकड्यात ॲस्बेस्टॉस नव्हतं. मी उंबऱ्यातच बसून रडले. सौरभनं श्रेयाला खांद्यावर घेतलं आणि आत्यांनी गुळाची ढेप फोडली.

गूळ वाटता वाटता आत्या म्हणाल्या, "मी सांगतच हुते. हे मागनं घातल्यालं. आधीचं निराळं हुतं, कापसावानी, पर जळायचं न्हाय. कारखान्यातनं पोती भरून आणल्यालं त्यांनी. मी ते कुटून चुलीच्या मातीत घालायची. माजी चूल कदी तडकली न्हाय."

आत्यांच्या चुलीचं गावभर कौतुक होतं, ते मला माहीत होतं. मी विचारलं, एवढं सगळं एकट्याच करायच्या का?

"कुटायची मी. चाळायला सौरभ. श्रेयाएवढा असंल. पांढराफेक व्हायचा, नुस्तं डोळं दिसायचं." त्या हसल्या.

सौरभच्या हातातला गूळ हातातच राहिला. त्यानं श्रेयाला हळूच खाली उतरवलं आणि मला विचारलं,

"माधवी, विजयसिंहनं किती वर्षं सांगितली हुती गं?"

मला पाठ होतं. आठवत नाही, म्हणाले.