उरलेल्या गोळ्या

घरात कुणाचं अंग तापलं की आपण आधी त्याच्या कपाळाला हात लावतो आणि मग स्वतःच्या खिशाला. खरं सांगा वाचकहो, तुमच्याही घरी असंच चालतं ना? काही घरांत तर खिशाचा नंबर आधी लागतो. "उद्या बघू", "अंगावर काढू", "झोपलं की उतरेल" ही आपली घरगुती औषधं, आणि ती फुकट मिळतात.

आक्काच्या गल्लीत आणखी एक औषध फुकट मिळायचं, ते म्हणजे आक्काचा डबा.

आक्का धुलाईच्या कारखान्यात कामाला होती. हॉटेलांच्या चादरी, दुकानांचे गणवेश, टेबलावरची कापडं असा ढीग सकाळी तिच्यापुढे पडायचा आणि तिने तो निवडायचा. पांढरं एकीकडे, रंगीत दुसरीकडे, रंग सोडणारं त्याहून लांब. इतकी वर्षं झाली, पण पांढऱ्या चादरीला तिच्या हातून कधी लाल छटा लागली नाही. "आक्काच्या हाताला डोळे आहेत," असं मुकादम म्हणायचा. पगार वाढवायचा विषय निघाला की मात्र त्याला ऐकू यायचं नाही.

हेच कसब तिने घरी डब्याला लावलं होतं. डबा बिस्किटांचा, पत्र्याचा, चांगला मोठा. गल्लीत ज्याच्या घरी औषध उरेल त्याने ते आक्काकडे आणून द्यायचं आणि ज्याला लागेल त्याने घेऊन जायचं. गोळ्यांची पाकिटं उगाच जागा खातात म्हणून आक्का त्या सगळ्या सोलून काढायची आणि रंगाप्रमाणे बाटल्यांत भरायची. पांढऱ्या गोल तापाच्या, पिवळ्या पोटाच्या, गुलाबी खोकल्याच्या. पाकिटांवरची नावं तिला वाचता येत नव्हती. लहानपणी घरात दोन पोरं आणि फी एकाचीच, तेव्हा भाऊ शाळेत गेला आणि आक्का धुण्याच्या दगडावर. "डबा चालवायला अक्षरं कशाला लागतात?" असं ती हसून म्हणायची. मात्र नातीचं दप्तर दिसलं की ते पुसून नीट खुंटीला लावल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही.

गल्लीच्या तोंडाशी सार्वजनिक दवाखाना होता, नाही असं नाही. पण तो उघडायचा सकाळी, गल्ली कामावर गेल्यावर, आणि गल्ली घरी परतायची तेव्हा दाराला कुलूप. पुढे पुढे तर सकाळीही कुलूपच दिसू लागलं. कुणी विचारलं नाही. विचारायचं कशाला, डबा होता ना!

त्या दिवशी आक्काची सुटी होती. नातीला आदल्या दिवसापासून ताप होता. ही नात म्हणजे टिचकी, दहा वर्षांची, नाकापेक्षा जीभ लांब. एरवी घर डोक्यावर घेणारी पोर भिंतीकडे तोंड करून पडली होती. सुनेची कारखान्यात जायची वेळ झाली होती, पण तिचा पाय निघेना. मुलगा ट्रक घेऊन लांबच्या फेरीवर गेलेला.

"आई, मी हिला डॉक्टरकडे नेते," सून म्हणाली.

"आणि पैसे?"

"फीचे ठेवलेत ना."

आक्का एकदम वळली. "त्याला हात लावायचा नाही! फी नाही भरली तर पोरीला वर्गाबाहेर उभं करतील. माझं काय झालं ते माहीत आहे ना तुला?"

"पण ताप उतरत नाहीये हो."

"मी आहे ना घरी. जा तू. डब्यात सगळं आहे."

सून गेली. आक्काने टिचकीला उठवून दोन पांढऱ्या गोळ्या पाण्याबरोबर दिल्या. पोरीने तोंड वेडंवाकडं केलं. "आजी, ही वेगळी लागते." "औषध आहे ते, मिठाई नाही," आक्का म्हणाली. टिचकीने काही खाल्लं नाही आणि ती पुन्हा आडवी झाली. ती शांत झोपलेली बघून आक्काला हायसं वाटलं. तिने नातीचा गणवेश इस्त्रीला काढला.

दुपारी तिने कपाळ चाचपलं तर ते थंडगार होतं. उशी घामाने भिजली होती. "उतरला बाई ताप," असं म्हणत तिने पोरीला हलवलं. टिचकीने डोळे अर्धवट उघडले, काहीतरी असंबद्ध पुटपुटली आणि तिची मान लटकली. आक्काने हाका मारल्या, गालावर चापट्या मारल्या, पण पोर काही उठेना. आक्काच्या किंकाळीने वरच्या मजल्यावरच्या काकू धावत खाली आल्या. काकूंचे यजमान घड्याळं दुरुस्त करायचे, त्यांना जाऊन फार दिवस झाले नव्हते. दोघींनी पोरीला उचलून रिक्षात घातलं. निघताना आक्काने डबा काखेत मारला. कुणाचं दुखलं-खुपलं की डबा घेऊन निघायचं, ही सवयच होती तिची.

मोठ्या सरकारी रुग्णालयात एका खाटेवर दोन दोन माणसं होती. टिचकीला स्ट्रेचरवरच ठेवलं. सिस्टर आली, केस पिकत आलेली, चालण्यात घाई असलेली बाई. तिने पोरीच्या बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब घेतला, आकडा बघितला आणि तिचा चेहरा बदलला.

"साखर फार खाली गेलीय. काय दिलं हिला?"

"तापाची गोळी," आक्का म्हणाली.

"तापाच्या गोळीने असं होत नाही. घरात कुणाला मधुमेह आहे?"

"नाही."

"माझ्या ह्यांना होता," काकू हळूच म्हणाल्या.

"ते कुठे आहेत?"

"गेले."

"त्यांच्या गोळ्या?"

काकूंनी आक्काकडे बघितलं. तेवढ्यात निरोप मिळालेली सून धापा टाकत आत आली आणि तिनेही आक्काकडेच बघितलं. काकूंनी दिलेल्या गोळ्या पांढऱ्या होत्या, गोल होत्या. तिनेच त्या सोलून पांढऱ्यांत टाकल्या होत्या. आता बोललं तर सुनेच्या मनातून, गल्लीच्या मनातून आपण कायमच्या उतरणार. गप्प राहिलं तर...?

"मी दिली," आक्का म्हणाली. "दोन दिल्या. माझ्या हातानं दिल्या!"

सिस्टर थांबलीच नाही. डॉक्टरला हाक गेली, हातात सुई गेली, ग्लुकोजची बाटली टांगली. सून आक्काकडे पाठ करून बसली. ती पोरीचे तळवे चोळत राहिली. बऱ्याच वेळाने टिचकीच्या पापण्या हलल्या. "आई," असं ती म्हणाली आणि मग, "आजी कुठेय?" ते ऐकून आक्का भिंतीला टेकून जमिनीवरच बसली आणि ढसाढसा रडली.

"अजून धोका टळलेला नाही," सिस्टरने सांगितलं. "ही गोळी साखर पुन्हा पुन्हा खाली ओढते. उद्यापर्यंत नजर ठेवावी लागेल." मग तिने डबा उघडला. बाटल्या बघून तिचा पारा चढला. "हा काय खेळ आहे? औषधं अशी रंगावर वाटतात? जीव गेला असता पोरीचा!"

इतका वेळ मान खाली घालून बसलेली आक्का ताडकन उठली. "गेला असता, माहीत आहे मला! पण दवाखान्याला कुलूप मी लावलंय का? डॉक्टरला द्यायचे की शाळेला, हे कोडं मी घातलंय का? डबा नसता तर गल्लीने काय करायचं होतं, सांगा ना!"

वॉर्डातली माणसं वळून बघू लागली. सिस्टर स्टूल ओढून आक्कासमोर बसली आणि आवाज उतरवून म्हणाली, "केसपेपरवर तुमचा पत्ता बघितला. गल्लीच्या तोंडाशी आहे तोच दवाखाना ना? मी तिथेच होते. माझी बदली झाली, माझ्या जागी कुणी आलं नाही. मी वर विचारलं. ते म्हणाले, त्या भागातून एकही तक्रार नाही. त्यांच्या लेखी तुमच्या गल्लीत कुणी आजारीच पडत नाही, आजी!"

सिस्टरने डब्यावर बोट ठेवलं.

"आता मला सांगा, हा डबा भरतो कशाने?"

"उरलेल्या औषधांनी."

"औषध उरतं कधी? ही पिवळी कुणाची?"

"शिंपिणीची. बरं वाटलं म्हणून बंद केली तिनं."

"म्हणजे अर्धा आजार अंगात ठेवून बंद केली. आणि ह्या पांढऱ्या? या काकूंच्या यजमानांच्या इतक्या कशा उरल्या?"

उत्तर काकूंनी दिलं. "ते अर्धी घ्यायचे. कधी एक दिवस आड. म्हणायचे, पुरवून पुरवून खाऊ." आणि बोलता बोलताच काकूंच्या लक्षात आलं. त्यांनी पदर तोंडाशी धरला. "पुरवता पुरवता माणूसच संपलं हो!"

"या डब्यातली एकेक गोळी कुणीतरी गिळायला हवी होती," सिस्टर म्हणाली. "तुम्ही पुण्याचं काम केलंत, मला कळतं. पण सगळ्यांनी मिळून आजार वाटून घेतलात, औषध नाही. उपचार आणि शाळा ही काय कुणाची मेहेरबानी आहे? रस्त्यावरच्या दिव्याखालून जाताना तुम्ही कुणापुढे हात जोडता का? तो तिथे असायलाच हवा. विझला तर घराघरातून काड्या गोळा करून चालत बसायचं नसतं, विचारायला जायचं असतं."

"आम्ही आयुष्यात कुणापुढे हात पसरला नाही," आक्का पुटपुटली.

"हात पसरू नका. दार ठोठावा. यात फरक आहे!"

टिचकी घरी आली, पण फीचे पैसे वाचले नाहीत. रुग्णालयात नसलेली इंजेक्शनं बाहेरून आणावी लागली आणि त्यातच ते गेले. सून आक्काशी कामापुरतं बोलायची. ते आक्काला शिवीपेक्षा जास्त लागायचं, आणि लागायलाच हवं असं तिलाही वाटायचं.

सुटीच्या दिवशी आक्काने सगळ्या बायकांना अंगणात बोलावलं आणि काही न लपवता झालेलं सांगितलं. शिंपीण म्हणाली, "जाऊ दे आक्का, चुकलं एकदा. आता डबा बंद केलास तर आम्ही जायचं कुठे?"

"तेच विचारायला जायचंय," आक्का म्हणाली.

आरोग्य कार्यालयातल्या साहेबांनी आधी भेट नाकारली, मग घड्याळ बघितलं, मग इतक्या बायका दारात बसलेल्या बघून आत बोलावलं. आक्काने बाटल्यांची झाकणं काढली आणि डबा त्यांच्या टेबलावर उपडा केला. रंगीबेरंगी गोळ्या कागदांवरून, चष्म्याखालून, खुर्चीखाली गडगडत गेल्या.

"हे काय आहे?" साहेब दचकले.

"आमच्या गल्लीची तक्रार," आक्का म्हणाली. "इतकी वर्षं घरात साठवली. चूक झाली."

मागून काकू पुढे आल्या. त्यांनी एक पांढरी गोळी उचलून साहेबांसमोर ठेवली. "यातल्या काही माझ्या घरच्या आहेत. ज्याच्या होत्या तो माणूस आता नाही."

चमत्कार झाला असं मी सांगणार नाही. तसं सांगणं खोटं ठरेल. खेटे घालून घालून बायकांच्या चपला झिजल्या, तेव्हा कुठे कुलूप निघालं. एक परिचारिका आली. दवाखाना आता आठवड्यातून काही दिवस संध्याकाळीही उघडतो. कायमच्या डॉक्टरची खुर्ची अजून रिकामी आहे. आणि टिचकीला फीसाठी वर्गाबाहेर उभं केलं, तेव्हा आक्का तिचं बोट धरून मुख्याध्यापकांपुढे गेली आणि म्हणाली, "शिक्षा द्यायची तर मला द्या, हिचा वर्ग कशाला बुडवता?" त्यांनी वर्गाकडे बोट दाखवलं. पोरगी आत बसली. फीचा प्रश्न मात्र तसाच लोंबकळतो आहे, आणि आक्काही त्यांच्या दारात तशीच ठाण मांडून आहे.

परवा शिंपीण सवयीने आक्काच्या दारात आली. कडेवरचं पोर तापलेलं. "आक्का, एखादी गोळी असेल तर..."

डब्यात आता कपड्यांचे चिमटे होते. आक्काने पोराच्या कपाळाला हात लावला, पायात चपला सरकवल्या आणि म्हणाली, "चल."

"अगं, पण अजून उघडला नसेल."

"नसेल तर पायरीवर बसू. उघडेपर्यंत बसू."

सुनेने आतून हे ऐकलं. तिने पाण्याची बाटली भरली आणि बाहेर येऊन आक्काच्या हातात दिली. "आई, मीपण येते," ती म्हणाली.

वाचकहो, शेजाऱ्याला आपल्यातली अर्धी भाकर देणं ही माणुसकी आहे. पण अर्धं औषध आणि अर्धी शाळा यावर कुणाचंही आयुष्य उभं राहत नाही. आजारी माणसाला उपचार आणि मुलाला शाळा हा माणूस म्हणून आपला हक्क आहे, आणि आपण विचारलं नाही की कुलूप लावणाऱ्याला वाटतं, आत कुणी यायचंच नाहीये. तुमच्याही घरात एखाद्या कपाटात उरलेल्या गोळ्या असतील. त्या का उरल्या, हे एकदा स्वतःला विचारा, आणि मग दार ठोठावायला बाहेर पडा. पायरीवर जागा आहे. आक्का बसलेलीच असेल, ती सरकून घेईल.