ओदिलियाने मागे ठेवलेल्या बिया

आलामोसच्या डोंगरात बिया कानाने शोधाव्या लागतात. एका साली लगडलेले झाड दुसऱ्या साली रिकामे निघते, म्हणून नजरेचा भरवसा नाही. जूनच्या उन्हाने जमीन तापली, की पडलेल्या बियांच्या आत अळ्या अंग झाडतात, बिया उडतात आणि पाचोळ्यात टकटक सुरू होते. क्रिसांतोला ती टकटक चार वर्षांपासून ऐकू येत नव्हती. माणसांचे बोलणे कळे. एवढा बारीक आवाज मात्र हरवला होता. हे फक्त त्याच्या बायकोला, ओदिलियाला ठाऊक होते. ती पुढे चाले, थबके, बोट दाखवी. तो वाकून वेची.

हिवाळ्यात ती गेली. "एकट्यानं नाही जमायचं, बाबा. शहरात चला," म्हणून मुलगी मागे लागली होती.

"एक पोतं भरून दाखवतो, मग बोल," त्याने बजावले होते.

दोन दिवस तो गेल्या साली लगडलेल्या झाडांखाली ओणवा होऊन दिसेल ते वेचत राहिला. तिसऱ्या दिवशी पोते तिबुर्सिओच्या अंगणात आले. या उडत्या बिया विकत घेऊन मुलांचे खेळणे म्हणून बाहेरगावी पाठवणारा हा त्याचा बालमित्र. त्याने त्या उन्हातल्या पत्र्यावर पसरल्या. पाच-सहा उडाल्या. बाकीच्या खडीसारख्या पडून राहिल्या.

"काय रे म्हाताऱ्या, मढी गोळा करून आणलीस?" तिबुर्सिओने एक बी त्याच्या नाकासमोर धरली. "हे भोक बघ. पाखरू कधीच उडालं. गेल्या सालचा कचरा हा! ओदिलिया असती तर चपलेनं बदडलं असतं तुला."

क्रिसांतोने बी तळहातावर घेतली. इवलेसे, कोरून काढल्यासारखे गोल भोक. नखाएवढा राखाडी पतंग त्यातून निघतो, चार दिवस जगतो, आसपासच्या फुलांवर अंडी घालतो. म्हणूनच ओदिलिया प्रत्येक झाडाखाली ओंजळभर बिया सोडून येई. गेल्या साली तिने सोडलेल्या त्याच बिया त्याने झाडून आणल्या होत्या.

"मला ऐकू येत नाही, तिबुर्सिओ. चार वर्षं झाली. ती ऐकायची."

तिबुर्सिओची थट्टा ओठांतच राहिली. "अरे... सांगायचंस की." मग उगाच मोठ्याने, "पोरीला फोन लावू?"

"लाव. रविवारी शहरात राहायला येतो म्हणावं."

पत्र्यावरच्या जिवंत बिया मुठीत घेऊन तो डोंगराकडे निघाला. वाटभर मूठ आतून कुणीतरी ठोठावत होते; एवढे मात्र त्याला कळत होते. झाडाखाली तापल्या मातीवर त्याने त्या ठेवल्या, वर पाला ओढला, आणि टकटक होत असणार असे धरून बराच वेळ बसून राहिला.