उजवा खांदा, एक इंच उतार

आमच्या बाजारात शिंप्याची दोन दुकानं समोरासमोर आहेत आणि दोन्ही म्हणतात, मूळ दुकान आमचंच. एक माझ्या काकांचं. तिथे मी मापवही लिहिते. दुसरं काकांच्या चुलत-चुलतभावाचं. त्यांना आम्ही ‘समोरचे’ म्हणतो, तेही आम्हाला तेच म्हणतात. दोघांचे आजोबा जुळे भाऊ, त्यामुळे थोरली पाती-धाकटी पाती असा निवाडा करायचीही सोय नाही. अकरा वर्षं अबोला आहे. एक दारात आला की दुसऱ्याला आत काहीतरी तातडीचं काम निघतं.

यंदा व्यापारी मंडळाने जाहीर केलं की बाजारातल्या सगळ्यात जुन्या दुकानाला पितळी पाटी मिळणार. अर्ज पुराव्यासह, शनिवारपर्यंत. काकांनी त्याच दिवशी दारावर खिळा ठोकला. पाटी तेवढी यायची बाकी राहिली.

पुरावा म्हणून मला पणजोबांचं, म्हणजे काकांच्या पणजोबांचं, मृत्युपत्र सुचलं. ते नोंदणी कचेरीत असणार. मंगळवारी सकाळी काका आणि मी तिथे पोचलो, तर बाकावर समोरचे आधीच बसलेले. अक्कल वाटताना त्या दोघांना एकाच पातेल्यातून वाढली होती. कारकून बाईंनी एकच जुना कागद काढला आणि दोघांना एकदमच वाचून दाखवला.

पणजोबांना माणसांची नावं लक्षात राहत नसत, मापं राहत. त्यांनी जन्मभर मापवही जशी लिहिली तसंच मृत्युपत्र लिहिलं होतं. ‘माझी बायको, कंबर चौतीस (लग्नात सव्वीस), हिला राहती खोली आणि खिडकीजवळची खुर्ची.’ ‘मेव्हणा, गळा साडेसतरा, आवाज त्याहून मोठा, याला काही नाही.’ मग मुद्द्याचं वाक्य आलं: ‘दोन मुलांपैकी ज्याचा उजवा खांदा एक इंच उतरता, त्याला दुकान. ज्याचे खांदे सरळ, त्याला मोठी कात्री आणि समोर स्वतंत्र दुकान मांडायची मोकळीक.’

आता ‘समोर’ हा शब्द कुठल्याही दारातून बघितला तरी समोरच पडतो. आणि दोन्ही दुकानांत मोठी कात्री आहे.

काकांनी वाटेतच सिद्धान्त मांडला. नाक वंशात उतरतं, टक्कल उतरतं, तसा खांदाही उतरणार. ज्याचा खांदा आज उतरता, त्याच्या आजोबांचं दुकान मूळ. सिद्धान्त ठीक होता, अडचण कोटाची होती. शिंप्याने स्वतःचं व्यंग दाखवलं तर गिऱ्हाईक त्याच्याकडे कशाला येईल? म्हणून आमच्याकडे प्रत्येकाच्या कोटात खांद्याला भर असते, इतकी वर्षानुवर्षं की आत खरा खांदा कसा आहे याचा मालकालाही विसर पडलेला. चाळीस वर्षं काका गिऱ्हाइकांना सांगत आले, बघा, सरळ खांदे, घराण्याची देणगी. त्याच काकांना आता वाकडं असण्याची निकड लागली. बुधवारपासून ते भाजीची पिशवी उजव्याच हातात धरू लागले. समोरचे तर विनाकारण भरलेली बादली घेऊन दुकानाला फेऱ्या मारत होते.

माप कोण घेणार हा प्रश्न होता. स्वतःचा खांदा स्वतःला मापता येत नाही, आणि परक्या शिंप्यावर दोघांचाही विश्वास नव्हता. शेवटी ठरलं की एकमेकांचं घ्यायचं. निरोप मीच इकडून तिकडे नेले. शिंपी वायदा चुकवेल, टेप चुकवणार नाही, एवढं दोघंही मानतात.

शुक्रवारी दुपारी समोरचे अकरा वर्षांनी आमचा उंबरा ओलांडून आले. कोट उतरले. भर घातलेले ते कोट खुर्च्यांच्या पाठींवर मालकांपेक्षा ताठ उभे राहिले.

समोरच्यांनी काकांच्या मानेपासून टेप लावली. एकदा, दोनदा. तोंड औषध घेतल्यासारखं झालं.

“एक इंच,” ते म्हणाले. “पुरता.”

काकांनी त्यांचं माप घेतलं. सरळ. पट्टीने रेघ आखावी तसं सरळ. काकांनी मला लिहून घ्यायला सांगितलं आणि चहाही सांगितला, त्यात समोरच्यांना जास्त साखर. जिंकलेल्या माणसाला औदार्य स्वस्त पडतं.

काकू मागे इस्त्री करत होत्या. तीस वर्षं त्याच करतात. त्यांनी सात किलोची इस्त्री उभी केली आणि पदर सावरत पुढे आल्या.

“आता माझंही घ्या.”

काका म्हणाले, तुझं कशाला. काकू हलल्या नाहीत. शेवटी मी टेप लावली. उजवा खांदा, सव्वा इंच उतार.

“मी सुताराची मुलगी,” काकू म्हणाल्या. “मग मीही तुमच्या पणजोबांचीच का?”

मग हिशेब उलगडत गेला: खांदा वंशाने नाही, इस्त्रीच्या ओझ्याने उतरतो. लग्नाआधी पंधरा वर्षं इस्त्री काकांच्या हातात होती, नंतर काकूंच्या. समोरच्यांचे कपडे पहिल्यापासून बाहेर इस्त्रीला जातात. म्हणजे पणजोबांनी दुकान दिलं ते इस्त्री करणाऱ्या मुलाला, आणि तो कोणाचा आजोबा हे टेपच्या बापालाही सांगता येणार नव्हतं.

समोरचे आपला कोट घालून गेले. काका बराच वेळ खांद्यावर हात ठेवून बसले. अर्ज माझ्यापुढे तयार होता.

“पुराव्यात काय लिहिलंयस?”

“वंशपरंपरागत उतार, एक इंच.”

“खोड ते,” काका म्हणाले. “माप खरं आहे, पण ते आजोबांचं नाही.”

अर्ज गेलाच नाही. समोरच्यांचाही गेला नाही. पाटी मिळाली कोपऱ्यावरच्या छत्रीवाल्याला. त्याच्याकडे आमच्या पणजोबांच्याही आधीची भाड्याची पावती निघाली. समारंभाला तो नवाकोरा सूट घालून पाटी ठोकायला शिडीवर चढला. काका आपल्या दारात उभे होते, समोरचे आपल्या. आत काम कोणालाच निघालं नाही.

“कोट आमच्याकडचा आहे,” काका हवेत बघत मोठ्याने म्हणाले.

“पँट आमची,” रस्त्यापलीकडून आलं.

काकांनी शिडीवरच्या पँटकडे डोळे बारीक करून पाहिलं, घोट्यापासून कमरेपर्यंत आणि परत खाली.

“उंची बरोबर आहे,” ते म्हणाले.

मी ते तारखेसह मापवहीत लिहून ठेवलं.