थंड पेटीतली दहा मिनिटं

मी एकदा एका साहेबाची मान हातभर लांब केली आहे. तुमचा विश्वास बसणार नाही. नका ठेवू, माझं काही अडत नाही.

मित्रांनो, मी पातळ प्लास्टिकच्या पट्ट्या ओढून तोडणारा एक जुना यांत्रिक गडी आहे. मला दोन जबडे आहेत. खालचा जागचा हलत नाही, वरचा पट्टीचं टोक धरून वर वर जातो. भोवती एक पेटी आहे, हवी तेवढी गरम किंवा थंड करता येणारी. कारखान्यात पिशव्यांसाठी जी गुंडाळी बनते तिची एक पट्टी माझ्याकडे येते. तीस वर्षं झाली, एकही पट्टी मला आवडलेली नाही. गरम पेटीत ती लोचटासारखी लांबतच जाते, तुटायचं नाव घेत नाही. साध्या हवेत आधी अकडते, मग कमरेत बारीक होऊन नाक मुठीत धरून ताणली जाते. आणि कडक थंडीत? ताणतच नाही. काडकन दोन तुकडे!

माणसं त्याहून वाईट. अपवाद फक्त आज तुम्हाला इथे घेऊन आलेल्या या मावशीचा. ही चाचणीखोली तिची. माझे जबडे तीच पुसते. बाकीचे माझ्या डोक्यावर चहाचे कप ठेवतात.

त्या दुपारी माल पाठवणारे साहेब तरातरा आत आले. बर्फाळ गोदामात औषधं ठेवायच्या पिशव्यांचा माल होता आणि गाडी दारात उभी होती, पण मावशीच्या सहीशिवाय माल हलत नाही.

"मावशी, सही."

"पट्टी आत्ताच पेटीत लावलीय. गारठायला दहा मिनिटं लागतात."

"दहा मिनिटांत काय अंडं घालणार आहे ती?"

"घालेल. तुमच्याच डोक्यावर फुटेल."

साहेबांनी तिला बाजूला सारून माझं बटण दाबलं. पट्टीत अजून बाहेरचीच ऊब होती. छान ताणली गेली मेली.

"बघा! पास."

"ती पेटीत गेलीय, गार झालेली नाही. गोदामात पिशव्या तडकल्या तर औषध काय तुम्ही ओंजळीत धरणार?"

"सही करा, नाहीतर उद्यापासून घरी बसा."

मावशीनं दुसरी पट्टी लावली आणि पेटीचं दार ओढून घेतलं. साहेबांचा हात पुन्हा बटणाकडे! तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. वरच्या जबड्यात मी त्यांचा टाय पकडला आणि लागलो ओढायला. मान अशी लांबली, अशी लांबली, की खिडकीतून डोकं बाहेर काढून त्यांनीच गाडीवाल्याला थांबायला सांगितलं. दहा मिनिटांनी सोडलं. मग पट्टी ओढली. काडकन! गाडी रिकामी परत गेली. मावशी अजून इथेच आहे, साहेब कुठे आहेत कोण जाणे.

म्हणून सांगतो मित्रांनो, जुन्या यंत्राला तेल देत जा, त्याच्यावर कप ठेवू नका. वेळ आली की तेच तुमच्यासाठी...

"पुरे रे थापाड्या!" मावशी कडाडली. "पेटीचं दार बंद होतं. तुझे दोन्ही जबडे आत, पट्टी धरून. टाय माझ्या मुठीत होता. दहाच्या दहा मिनिटं!"