मेरेरिदच्या ट्रॅक्टरचा नंबर

"मागचा दिवा आला का रे?" मेरेरिदनं इद्वलच्या शेडच्या दारातूनच विचारलं.

"कुठला!" इद्वल मान वर न करता म्हणाला. दिवा केव्हाच आला होता. त्यानं तो खणात ठेवला होता.

शेडमध्ये तिचा छोटा जपानी ट्रॅक्टर उभा होता. शेतात कसाही चालवा. सडकेवर काढायचा तर नोंदणी हवी, नंबर हवा, दिवे हवेत. नवरा गेल्यापासून दर गुरुवारी इद्वलच तिला आपल्या व्हॅनमधून बाजाराला नेई. मागे अंड्यांच्या टोपल्या, शेजारी ती. डोंगर उतरेपर्यंतच्या तेवढ्या गप्पांसाठी तो बुधवारी रात्रीच दाढी करून ठेवी. मनातलं मात्र कधी बोलला नव्हता.

"ब्लेदिन मास्तरांनी नोंदणीचे कागद पाठवलेसुद्धा. ट्रॅक्टर कुठल्या सालचा, त्याचा दाखलाही त्यांनीच मिळवला."

"रिकामा माणूस. दुसरं काम काय त्याला?"

"जळतोस होय?" ती हसली.

"मी कशाला जळू? माझी गाडी आहे की. हे खेळणं कशाला हवं सडकेवर?"

तिचं हसू मावळलं. "तुझ्या वेळेला निघायचं, तुझ्या वेळेला परतायचं. मला माझ्या मनानं जायचंय, इद्वल. आणि दिवा मिळत नसेल तर मास्तर मागवतो म्हणालेत."

मास्तरचा दिवा? तिच्या ट्रॅक्टरला? इद्वल ताडकन उठला आणि त्यानं खण उघडला.

मेरेरिदनं दिवा पाहिला, त्याच्याकडे पाहिलं. त्याला वाटलं, आता चांगली खडसावणार. पण तिनं नुसता हात पुढे केला. तो दिवा बसवीत असताना स्क्रू तिनंच धरले.

नंबर मिळाला. पाटीही त्यानंच ठोकली.

पुढच्या गुरुवारी तो एकटाच निघाला. वळणापाशी तिचा ट्रॅक्टर पुढे दिसला. दोन्ही बाजूंना दगडी कुंपण, रस्ता अरुंद. मागे गाड्यांची रांग लागली. कोणी भोंगे वाजवले, कोणी काच खाली करून शिव्या घातल्या. इद्वल बधला नाही. तिच्यामागे तिच्याच चालीनं व्हॅन हाकत राहिला.

मास्तरच्या फाटकाशी ती वळली. मास्तर अंगणातच उभा होता, ठेवणीतला कोट घालून.

पुढचा रस्ता मोकळा झाला, तरी इद्वलची व्हॅन बराच वेळ त्याच चालीनं चालली होती.