लीलाबाईंच्या बोटाखालचा स्विच

जरा थांबा, घाईने दाबू नका. मी बुऱ्हाणपूरच्या सिंधीपुऱ्यातल्या लीलाबाईंच्या देवघराशेजारचा स्विच बोलतोय. दिसायला पांढरा, चौकोनी, मधोमध एकच गोल बटण. तुमच्या घरातले साधे स्विच खटकन वर-खाली होतात आणि मोकळे होतात. माझं तसं नाही. माझ्या पोटात नखाएवढी एक चिप आहे, त्या चिपला वाय-फाय लागतं, आणि वाय-फाय आलं की काळजीही आलीच.

माझा जन्म कुठल्याशा दूरच्या कारखान्यातला. तिथे कोणीतरी माझ्यात फर्मवेअर भरलं. म्हणजे बटण दाबल्यावर काय करायचं, कोणाला कळवायचं, हे सगळं चिपमध्ये लिहून टाकलं. मग पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून मला इंदूरला पाठवलं. खोक्यावर एका कुटुंबाचं चित्र होतं. सगळे सोफ्यावर लोळून फोनने दिवे लावत होते आणि विनाकारण हसत होते. मला वाटलं, आपलंही आयुष्य असंच आरामात जाणार. कसलं काय!

लीलाबाई पूर्वी कन्याशाळेत शिवण शिकवायच्या. यजमान गेल्यापासून घरात एकट्याच असतात. मुलगी तेजस्विनी इंदूरला. गेल्या हिवाळ्यात लीलाबाई मोरीत घसरून पडल्या. सकाळी पडल्या, त्या दुपारी शेजारच्या मालूबाई चाळणी परत द्यायला आल्या तेव्हा सापडल्या. आणि संध्याकाळी लेकीचा फोन आला तर काय म्हणाव्यात? "मजेत आहे गं. भेंडीची भाजी केली." खरं काय ते मालूबाईंकडून कळलं आणि तेजस्विनी दुसऱ्याच दिवशी येऊन थडकली.

"तू फोनवर खोटं बोलते आई. चल माझ्यासोबत इंदूरला."

"माझं घर सोडून मी कुठी नाही येऊन राहिली."

दोघीही हट्टाच्या पक्क्या. शेवटी तोड निघाली ती माझ्या रूपाने. ठरलं असं की रोज दिवेलागणीला लीलाबाईंनी देवापुढे निरांजन लावायचं आणि मग स्वतःच्या बोटाने मला दाबून देवघराचा दिवा लावायचा. मी दाबला गेलो की तिकडे तेजस्विनीच्या फोनवर कळणार. दिवा लागला, म्हणजे आई चालती-फिरती आहे. तिला इंदूरहूनही मला लावता आलं असतं, पण आपण कधी हात लावायचा नाही, अशी तिने शपथच घेतली. जावई योगेशने मला भिंतीत बसवलं आणि फोनमध्ये माझं नावच 'आई' असं ठेवलं.

एवढ्याशा बटणावर केवढं ओझं टाकलं बघा! त्या दिवसापासून माझ्या जिवाला स्वस्थता नाही. वाय-फाय जरा डगमगलं की माझ्या छातीत धस्स व्हायचं. दिवस कलायला लागला की मी लीलाबाईंच्या पावलांकडे कान लावून बसायचो. काडी ओढल्याचा आवाज यायचा, तेलाचा वास यायचा, मग ते शिवणाने टोकाशी खरखरीत झालेलं बोट माझ्यावर टेकायचं. दिवा लागायचा, आणि मी इंदूरला निरोप धाडून मोकळा व्हायचो.

पण निरोप मी थेट धाडत नव्हतो. आधी कंपनीच्या एका मोठ्या संगणकाला सांगायचं, मग तो पुढे कळवणार, अशी पद्धत. त्या कंपनीने एके दिवशी गाशा गुंडाळला. दिवा लागत होता, पण निरोप जात नव्हता. तेजस्विनीच्या फोनवर दोनच शब्द उमटून राहिले, 'आई ऑफलाइन'. मालूबाईंना रोज संध्याकाळी तिचा फोन येऊ लागला.

"लई टेन्शन घेऊन राहिली तुझी पोरगी," मालूबाई दारातूनच म्हणायच्या. "रोज रोज मी तुझ्या घरात वाकून पाहू का?"

लीलाबाई हसण्यावारी न्यायच्या. मी भिंतीत बसून झुरत होतो.

त्यातच योगेशचं कामानिमित्त बुऱ्हाणपूरला येणं झालं. तेजस्विनीने त्याला बजावूनच पाठवलं होतं. संध्याकाळपर्यंत स्विच बोलता झाला तर ठीक, नाहीतर सकाळी आईला गाडीत बसवूनच आणायचं.  लीलाबाईंनी माळ्यावरची निळी बॅग काढून झटकून ठेवली. ती नेमकी माझ्यासमोर, देवघराच्या उंबऱ्याशी. दुपारभर मी त्या बॅगेकडे बघत होतो.

योगेश मनाने चांगला, पण उतावळा. "कंपनी गेली तर जाऊ द्या आई," तो म्हणाला. "याच्यात दुसरं फर्मवेअर टाकतो. मग हा सीधा आपल्याशीच बोलेल. कोणाची गरजच नाही." हे तो व्हिडिओ बघून शिकला होता. त्याने माझी पुढची झाकणी काढली आणि आतल्या पाटीवरचा नंबर वाचायला स्क्रूड्रायव्हरने तारा बाजूला सारू लागला. मांडीवर लॅपटॉप. वाय-फायवरूनच नवं फर्मवेअर माझ्यात उतरायला लागलं.

"मेन बंद करून घ्या ना जवाईबापू. करंट लागून जाईन."

"नाही आई, लाईट चालूच पाहिजे. काम होऊन राहिलंय."

लीलाबाई वाती वळायला बसल्या. मग पुन्हा म्हणाल्या. त्याने पुन्हा तेच सांगितलं. आता जावयाला तिसऱ्यांदा कसं म्हणायचं? जावई म्हणजे पाहुणा, त्याच्यापुढे शब्द वाढवायचा नाही, हे त्यांच्या हाडीमाशी मुरलेलं. आणि तो तर उघड्या तारांत हात घालून बसलेला. खरं सांगू, त्यांचं भिणं काही चूक नव्हतं.  लीलाबाई पदर सावरत उठल्या, दाराजवळच्या मीटरपाशी गेल्या आणि त्यांनी गुपचूप मेन खाली ओढला.

माझ्यात नवं लिखाण अर्ध्यावर आलं होतं. जुनं पुसलेलं, नवं अपुरं. त्या क्षणी सगळं विझलं.

"लाईट गेली वाटतं!" योगेश ओरडला. गल्लीतले कापड विणायचे लूम खटखट, खटखट चालूच होते. लाईट गेली असती तर ते बंद नसते पडले? पण घाबरलेल्या माणसाला ऐकू कुठे येतं. तो फोन घेऊन अंगणात गेला, तेवढ्यात लीलाबाईंनी मेन वर केला. पंखा फिरला, फ्रिज घुरघुरला. मी मात्र उठलो नाही. बटण दाबलं तरी दिवा लागेना, कारण आमच्या जातीत बटणाचं म्हणणंही चिपच ऐकते, आणि चिपच्या डोक्यात अर्धवट वाक्य अडकून बसलं होतं.

तेवढ्यात तेजस्विनीचा फोन. योगेशने स्पीकर लावला होता.

"झालं का?"

"होऊन राहिलंय."

"योगेश, खरं सांग."

"लिहून तर पूर्ण झालं होतं. चुकीची फाईल पडली वाटतं. बंदच पडला. नवा मागवू आपण."

नवा मागवू!  तिकडे तेजस्विनीचा आवाज भरून आला. "नवा कधी येईल, कोण बसवेल? मला रोज संध्याकाळी जीव मुठीत घेऊन नाही बसायचं रे. आईला घेऊनच ये उद्या."

लीलाबाईंनी ऐकलं. त्या कपाटाकडे गेल्या आणि एकेक लुगडं आणून बॅगेत ठेवू लागल्या. खरं काय झालं ते त्यांना माहीत होतं. मलाही माहीत होतं. पण सांगणार कशा? 'आईचं आता भान राहत नाही, चालू कामात मेन पाडते' म्हटलं की इंदूरचा रस्ता आणखीच पक्का झाला असता. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण मला तर साधा दिवासुद्धा लावता येत नव्हता.

योगेश बाजारात भूपेंद्रच्या मोबाईल दुकानी जाऊन एक वायर घेऊन आला. मेलेल्या सेट-टॉप बॉक्सला लॅपटॉपशी जोडून शुद्धीवर आणतात, तसली. "भैया, ले जाओ, पर सुबह दुकान खुलते ही चाहिए," असं भूपेंद्रने बजावल्याचं तो सांगत होता. यावेळी त्याने स्वतःच मेन बंद केला, मला भिंतीतून पूर्ण सोडवलं आणि पाटावर आडवं केलं. घराच्या विजेशी माझा काही संबंध उरला नाही. चार बारीक तारा माझ्या छातीवरच्या भोकांत दाबून धरल्या की लॅपटॉपचा थोडासा करंट मला मिळणार होता.

पण एक अट होती. तो करंट येताना माझं बटण दाबलेलं हवं, तरच चिप नवं ऐकायला तयार होते. योगेशचा एक हात तारांवर, दुसरा वायर खोचायला. तिसरा हात आणायचा कुठून? त्याने बटणावर रबरबँड गुंडाळून पाहिला. निसटला. पुन्हा गुंडाळला, पुन्हा निसटला. दर वेळी लॅपटॉपवर तेच, जोडणी होत नाही. बाहेर ऊन उतरत चाललं होतं.

"फाईलच बदलून बघतो," तो घाम पुसत पुटपुटला. "याच्यासारख्याच दुसऱ्या स्विचची आहे, ती टाकतो."

 ती फाईल माझ्या मापाची नव्हती. ती अंगात गेली असती तर दाबायचं एक आणि लागायचं भलतंच.

लीलाबाईंच्या हातातलं लुगडं हातातच राहिलं. त्या बॅगेपाशी उभ्या होत्या. एकदा देवाकडे पाहिलं, एकदा अंधारत चाललेल्या खिडकीकडे.

"जवाईबापू, फाईल नका बदलू." आवाज अगदी बारीक होता. "लाईट नव्हती गेली. तुमचं काम चालू असतानाच मेन मी पाडला होता. तुम्हाला करंट लागीन म्हणून."

योगेशने रबरबँड खाली ठेवला.  लीलाबाईंची मान खाली होती.

"म्हणजे फाईल बरोबर होती, अर्धीच गेली होती?" तो एकदम म्हणाला आणि हसलाच. "अहो आई, मग आधी नाही का सांगायचं! या, बसा इथं. हे बटण धरा. मी सांगेपर्यंत सोडायचं नाही."

लीलाबाई पाटाशी बसल्या. ते खरखरीत बोट माझ्यावर टेकलं. आजवर रोज संध्याकाळी ते टेकलं होतं, पण इतका वेळ कधी राहिलं नव्हतं. रबरबँडसारखं ते हललं नाही. योगेशने वायर खोचली, आणि लॅपटॉपने मला ओळखलं.

आधी सगळं पुसायचं होतं. तेव्हा मात्र मी फार भ्यालो. नाव, वाय-फाय, इंदूरचा पत्ता, सगळं जाणार होतं. मग उठेन तो मीच असेन का? आता मला हे सगळं कसं आठवतं असं तुम्ही विचाराल. चिपमधलं गेलं, पण बटणावर लीलाबाईंच्या बोटाने घासून घासून एक गुळगुळीत खळगा पडलाय. तो काही पुसला गेला नाही.

नवं लिखाण हळूहळू भरत होतं. तेवढ्यात मालूबाई दारात आल्या. "अंधारात काय करून राहिले गं?" म्हणत त्यांचा हात मीटरकडे गेला. भिंतीतल्या माझ्या तारा अजून उघड्याच होत्या.

"मेनला हात लावू नको मालू!" लीलाबाई अशा कडाडल्या की मालूबाई जागीच थिजल्या. जावयासमोर त्यांचा आवाज इतका चढलेला मी पहिल्यांदाच ऐकला.

लिहून झालं. मला भिंतीत बसवलं, तारा जोडल्या, झाकणी लावली. योगेशने मेन वर केला. मग वाय-फाय भरलं आणि नावाच्या जागी पुन्हा 'आई' लिहिलं. लीलाबाईंनी निरांजन लावलं, हात जोडले आणि बोट टेकवलं. दिवा लागला. इकडे उजेड पडला न पडला तोच फोन वाजला.

"लागला!" तेजस्विनी रडत होती की हसत होती, कळेना. "दुपारी काय झालं होतं मग?"

लीलाबाईंनी पदराचं टोक मुठीत आवळलं. योगेशने त्यांच्याकडे पाहिलं.

"काही नाही गं," तो म्हणाला. "मधेच लाईट गेली होती."

गल्लीत लूम खटखट, खटखट चालू होते. लीलाबाई आत गेल्या आणि बॅगेतली लुगडी काढून परत कपाटात लावू लागल्या.

दुसऱ्या दिवशी निघताना योगेश म्हणाला, "आई, आता याला टायमरपण लावता येतो. रोज आपोआप लागेल. करून देऊ?"

"नको," लीलाबाई म्हणाल्या. "मग मी कशाला?"

ते मला तेव्हा नीटसं कळलं नव्हतं. आज कळतंय. आज अंधार पडलाय, निरांजन थंड आहे, आणि दुपारी मालूबाईंबरोबर बाजारात गेलेल्या लीलाबाई अजून आलेल्या नाहीत. तिकडे तेजस्विनीने फोन हातात घेतला असेल. टायमर असता तर मी केव्हाच लागलो असतो. ती निश्चिंत झाली असती, आणि इथे घरात कोणीच नसतं. म्हणून विनवतो, घरात हवे तेवढे आपोआप लागणारे दिवे बसवा, पण म्हाताऱ्या माणसाच्या बोटासाठी एक बटण राहू द्या. त्याची वाट बघायला कोणीतरी असू द्या.

कडी वाजली का? हो, वाजली. चपला काढल्या. भाजीची पिशवी टेकवली. "गर्दीच इतकी होती बाजारात," असं देवालाच सांगताहेत. काडी ओढली. तेलाचा वास आला.

या लीलाबाई, दाबा.